खिडकीखालचं बाकडं

आमच्या सेक्टरमधलं बदामाच्या झाडाखालचं बाकडं महापालिकेनं उचलून नेलं, ते माझ्या तक्रारीवरून. वाक्य लिहायला एवढंसंच आहे, पण तोंडातून बाहेर काढायला मला दिवाळीपासून जवळजवळ शिमग्यापर्यंतचा वेळ लागला. शिवाय त्या तक्रारीत मी खोटं लिहिलं होतं, तेही इथेच सांगून टाकतो. मागाहून सांगायचं म्हटलं तर मी पुन्हा टाळेन, स्वतःला ओळखून आहे.

मी कोपरखैरण्यात पहिल्या मजल्यावर राहतो. ऑफिसनं घरून काम करायची मुभा दिल्यापासून माझं टेबल खिडकीशी आलं. खिडकीखाली फुटपाथ, फुटपाथवर बदाम आणि बदामाखाली ते लोखंडी बाकडं. रोज सकाळी त्यावर तीन बायका येऊन बसायच्या. तिघीही सत्तरीच्या पुढच्या. मटार सोलणं, मेथी निवडणं, असलं घरचं काम पिशवीत घालून आणायच्या. त्यातल्या एकीचे यजमान वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते. ट्रक, हातगाड्या आणि आरडाओरड्यात "डबा आनलाय" हे नवऱ्यापर्यंत पोचवायला जो आवाज लागतो, तो तिनं तिथे कमावला होता आणि नवरा गेल्यावरही सोडला नव्हता. तिची बहीण साताऱ्याकडे गावी. माझी मीटिंग सुरू झाली की हिचा बहिणीला व्हिडिओ कॉल, तोही स्पीकरवर. पलीकडून "आं?" आणि इकडून दुप्पट आवाज.

एकदा मी साहेबांना तिमाहीचे आकडे समजावून सांगत होतो, तेवढ्यात माझ्या माइकमधून सगळ्या टीमला प्रश्न गेला, "म्हस व्याली का गं?"

साहेबांनी विचारलं, "कुणाकडे?"

सगळे हसले. मी नाही हसलो.

त्या वेळी करायचं ते सोपं होतं. खिडकीतून वाकायचं आणि म्हणायचं, "मावशी, जरा हळू." पण आमच्याकडे खिडकीतून कुणी बोलत नाही. इथली माणसं ॲपवर बोलतात. त्यातून मी तर सेक्टरचा व्हॉट्सॲप ग्रुप चालवणारा माणूस. पाणी कधी बंद, नालेसफाई कुठवर आली, फांद्या कधी छाटणार, डासांच्या धुराची गाडी कुठल्या गल्लीत, महापालिकेची प्रत्येक सूचना मी शोधून काढतो आणि चहा व्हायच्या आत ग्रुपवर टाकतो. बायको मला घरात 'आयुक्त' म्हणते. "आयुक्त, ओला कचरा वेगळा काढा."

तर आयुक्तांनी ॲप उघडलं. 'बाकड्यावर म्हाताऱ्या बोलतात' असा काही पर्याय त्यात नव्हता. म्हणून लिहिलं, 'सदर बाकावर असामाजिक तत्त्वांचा वावर असून महिलांना त्रास होतो. बाक तातडीने हटवावा.' महिलांना त्रास! लिहिताना खाली बघितलं, तर असामाजिक तत्त्वं मेथी निवडत होती. तरी बटण दाबलं.

माझ्या आजवरच्या तक्रारी, फुटलेलं गटाराचं झाकण, कोपऱ्यावरचा बंद दिवा, पडून पडून म्हाताऱ्या झाल्या होत्या. ही मात्र तरणीताठी निघाली. लगेच टेम्पो आला, दोघांनी नट खोलले, बाकडं आडवं करून नेलं. फुटपाथवर चार बोल्ट तेवढे वर आलेले राहिले. मोबाइलवर मेसेज आला, आपली तक्रार निकाली काढली आहे, अभिप्राय द्या. मी पाच स्टार दिले.

पहिले काही दिवस छान शांतता होती. मग ग्रुपवर कुणीतरी विचारलं, "झाडाखालचा बेंच कुणी काढला?" खाली सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, म्हणजे अध्यक्षांना विचारावं तसं मला विचारलं. मी लिहिलं, "चौकशी करतो." त्यावर अंगठ्यांचा पाऊस.

त्याच आठवड्यात दूध घेऊन येताना ती मोठ्या आवाजाची बाई मला झाडाला धरून उभी दिसली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात मटारची पिशवी.

"ए बाळा, म्हापालिकेचं सांगतूस तो तूच न्हवं?"

"हो आजी, पण मी फक्त ग्रुपवर..."

"आजी कुनाला म्हनतूस? डोस्क्यावरचं चांदणं बघ की आरशात. मावशी म्हन."

"हो, मावशी."

मग तिनं काठीनं ते बोल्ट दाखवले. ती राहते माथाडी वसाहतीत, रस्त्याच्या त्या टोकाला. तिची मैत्रीण ह्या टोकाला, नाल्यापलीकडे. दोघींचे गुडघे गेलेले. पुरा रस्ता दोघींनाही झेपत नाही, म्हणून दोघी अर्ध्यावर येऊन भेटतात. तिसरी मधल्या चाळीतली, ती ह्यांच्या नादानं येते.

"गुडगा हितवरच येतो बग. हितं घटकाभर टेकलं की माघारी जायाचं बळ येतं. आता टेकू कुटं? तुज्या डोस्क्यावर?"

"आणि त्या पलीकडच्या मावशी?"

"ती भायेरच पडंना. सून म्हनती, टीव्ही बगा. टीव्ही काय मटार सोलून देतोय व्हय?" मग ती एकदम खाली आवाजात बोलली. तिला खालचा आवाज येतो हे मला तेव्हा कळलं. "दादल्यामागं ती आन मी, दोगीच ऱ्हायलो रं बोलायला. फोनवर मला तिच्या मनाचा थांग लागत न्हाई."

मी दुधाची पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली.

"ज्या मेल्यानं ही तक्रार केली ना," ती पुन्हा मूळ आवाजावर आली, "त्याच्या गुडग्यात माजा गुडगा जाऊ दे. म्हंजी कळंल."

"चौकशी करतो मावशी," मी म्हणालो आणि जिना चढू लागलो. खोटं वाटेल, पण तिसऱ्या पायरीवर माझा उजवा गुडघा कटकन वाजला. बायको म्हणाली, कॅल्शियम घ्या. ह्या दुखण्यावर कॅल्शियमचा उपयोग नाही, हे तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही.

ॲपवरच गुपचूप निस्तरावं म्हणून नवा अर्ज केला, बाक बसवून मिळावा. उत्तर आलं, सदर ठिकाणी उपद्रव असल्याने बाक हटविण्यात आला आहे. माझंच खोटं शासकीय मराठीत मला परत आलं होतं. तसाच एका सोमवारी रजा टाकून विभाग कार्यालयात गेलो. तिथे एक तरुण इंजिनिअर बसला होता.

"बदामाखालचं बाकडं परत हवंय," मी म्हटलं.

त्यानं कॉम्प्युटरमध्ये बघितलं. "तिथे तर गुंड बसतात ना?"

"छे हो. म्हाताऱ्या बायका बसतात."

"मग तक्रारदार खोटं बोलतोय?"

"साफ खोटं."

"अहो, मग त्यालाच घेऊन या. त्रास नाही असं त्यानं सांगितलं की बसवू. नाहीतर आम्ही नट आवळणार, तो परत तक्रार करणार, आम्ही परत नट खोलणार. आमचं आयुष्य त्यातच जायचं."

"आणलंय त्याला."

"कुठाय?" त्यानं माझ्या मागे दारात बघितलं. दारात कुणी नव्हतं. मग त्यानं माझ्याकडे बघितलं, स्क्रीनकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. मला वाटलं आता हा चिडणार. तो मात्र खुर्चीत पुढे सरकून म्हणाला, "साहेब, ते पाच स्टार तुमचे?"

मी मान डोलावली.

"अहो, आम्ही वर साहेबांना नेऊन दाखवले होते ते! कोण देतं हो आम्हाला पाच स्टार?" त्याचा चेहरा इतका पडला, की मला आणखी एक माणूस दुखावल्यासारखं झालं. तरी त्यानं चहा मागवला. तक्रार मागे घेतली. बाकडं तुर्भ्याच्या गोदामात पडलंय, गाडी तिकडे गेली की आणून बसवू, असं म्हणाला. निघताना मी दारातून परत वळलो.

"हे बाहेर कुठे..."

"नाव गुप्त ठेवतो आम्ही," तो म्हणाला. "तेवढं एक आमचं चोख असतं."

मावशीला मी अर्धंच सांगितलं. "येतंय बाकडं." तिनं ते अख्ख्या सेक्टरला सांगितलं, ह्या बाळानं म्हापालिका हलवली म्हणून. मग ती बातमी आमच्या माजी नगरसेवकांच्या कानावर गेली आणि माझ्या हातात काहीच राहिलं नाही. आमच्याकडे गतिरोधक बसला तरी लोकार्पण होतं, इथे तर अख्खं बाकडं होतं. बाकडं आलं त्या रविवारी बदामाला बॅनर लागला. त्यावर हात जोडलेले नगरसेवक पुरुषभर उंच आणि खाली कोपऱ्यात मी. फोटो त्यांनी माझ्या व्हॉट्सॲपवरून उचललेला, महाबळेश्वरचा, गॉगल लावलेला. बाजूला अक्षरं, 'ज्यांच्या अथक पाठपुराव्यामुळे'.

बायकोनं खाली येऊन बॅनर सावकाश वाचला. "आयुक्त, बढती झाली की."

बाकड्याला रिबीन बांधली होती. नारळ फोडायला दगड सापडेना, म्हणून बाकड्याच्या पायाशी वर आलेल्या बोल्टवरच आपटला. नगरसेवकांनी भाषण केलं आणि माइक माझ्या हातात दिला. हीच वेळ होती. समोर मावशी पहिल्या खुर्चीवर बसून माझ्याकडे कौतुकानं बघत होती. मी म्हणालो, "सर्वांचे आभार," आणि माइक परत दिला.

तो मावशीनं घेतला. तिथे जमलेल्यांत माइकची गरज सगळ्यात कमी तिलाच होती. "ह्यो माज्या पोटचा न्हाई," ती म्हणाली, "पर पोटच्यानं केलं नसतं त्ये ह्यानं केलं. आन ज्या मेल्यानं तक्रार केली..." पुढचं मला पाठ होतं. मी नकळत गुडघ्यावर हात ठेवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला पेढा भरवला गेला आणि मी तो खाल्ला. ह्या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त लाज त्या पेढ्याची वाटते.

दुपारी जेवताना बायकोला सगळं सांगून टाकलं. मला वाटलं ती हसेल, निदान चिडेल. तिनं आमटी वाढली आणि म्हणाली, "मला कशाला सांगताय? मी कुठे बाकड्यावर बसते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघी आल्या. पलीकडची मैत्रीण सुनेचा हात धरून, दोनदा थांबत थांबत आली. बाकड्यावर टेकल्यावर तिनं पदरानं घाम पुसला आणि मावशीनं तिच्या मांडीवर न विचारता मटारची पिशवी ओतली. मी वरून बघत होतो. माझी मीटिंग चालू होती. मग गावी फोन लागला, "आं?" सुरू झालं. मी खिडकी पूर्ण सरकवली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा बाहेर वाकलो.

"मावशी!"

"काय रं?"

"जरा बोलायचं होतं."

"मग खाली ये की! वर बगून मान मोडंल माजी. गुडगा गेलाय त्येवडा बास."

घरातल्या हाफ पँटीतच खाली गेलो. मावशीनं फोन माझ्याकडे वळवला. "ह्यो बग, बाकड्यावाला बाळ." फोनमधल्या बाईनं कपाळाशी हात जोडून नमस्कार केला. तिघी सरकल्या, मला जागा केली. मी बसलो नाही.

"मावशी, बाकडं मी आणलं, ते नेलंही माझ्यामुळंच. तक्रार माझी होती. तुमचा आवाज माझ्या कामात यायचा. वरून एक हाक मारून सांगता आलं असतं, ते सोडून मी इथे गुंड बसतात असं खोटं लिहिलं. तुमची भेट बंद झाली, ह्या मावशी घरात कोंडल्या गेल्या, ते कळूनही मी गप्प बसलो. काल पेढासुद्धा खाल्ला. माझं चुकलं. तिघींची माफी मागतो."

मटार सोलणारे हात थांबले. मावशीच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला वाचता आलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी नीट बघितलंही नाही. तेवढ्यात फोनमधून आवाज आला, "आं? काय म्हनतोय गं त्यो?"

मावशीनं फोन उचलून माझ्या तोंडासमोर धरला.

"सांग. तिलाबी सांग. रोज तुज्या नावानं दिवा लावतीया ती. आन मोठ्यानं सांग, तिला ऐकू येत न्हाई. म्हनून तर वरडावं लागतं."

वर मीटिंगचा माइक बंद करून आलो होतो की नाही, ते मला त्या क्षणी आठवेना. खिडकी सताड उघडी होती. मी फोनशी वाकलो आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडलो, "ताई, बाकड्याची तक्रार मीच केली होती! माझं चुकलं! मला माफ करा!"