रावणाच्या सोंगावर पाय

बायकोच्या जुन्या लाल साडीचा झगा आणि मुलाची निळी ट्रॅक पँट, पोटावर कशीबशी ताणून बसवलेली: हा माझा सुपरहिरोचा पोशाख. तलासरी तालुक्यातल्या आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात शिक्षकांनी नाटुकलं करायचं ठरलं. ते मी लिहिलं, तेव्हा नायक कोण हे उघडच होतं. जगाचं रक्षण करणारे पाच सुपरहिरो. आजवर एकेकटे हरलेले त्यांचे जुने शत्रू एकजूट करून त्यांना जंगलात घेरतात. शेवटी अर्थातच मी जिंकतो. रोज डहाणूहून येताना मी मोटरसायकलवर संवाद इतक्या जोरात म्हणायचो की रानशेतच्या वळणावर बकऱ्या पांगायच्या.

तालमीत शत्रूंचे मुखवटे पुठ्ठ्याचे होते. माझ्यासारख्या नायकाला पुठ्ठ्याचे शत्रू! आमच्या शिपाई मामांच्या घरी बोहाड्याची लाकडी सोंगं असतात. देवांचे, राक्षसांचे ते मुखवटे घालून त्यांचं गाव उत्सवात नाचतं. रावण मामा स्वतः नाचवायचे, त्यांच्या आधी त्यांचे वडील. मी मागेच लागलो.

"मामा, राक्षसच द्या. देवांना हात लावत नाही."

"सर, रावण असला तरी आमच्यात त्याला नारळ फुटतो."

"फोडू की! दोन फोडू!"

"आन् जमिनीवर नाय ठेवायचा. तेवढं बघा."

"शब्द दिला, मामा."

मामांनी चार सोंगं चादरीत गुंडाळून आणली.

प्रयोग रंगला. शत्रूंनी आम्हाला घेरलं तेव्हा पोरं उभी राहिली. गणिताचे सर रावण झाले होते. मी त्यांचं सोंग ओढून काढलं, खाली टाकलं आणि तालमीत पुठ्ठ्यावर ठेवायचो तसा त्यावर पाय ठेवून दोन्ही हात उंचावले.

त्या भरात विसरलो, असं मी स्टाफरूममध्ये सांगत आलो. खोटं आहे ते. सोंग हाताला जड लागलं तेव्हाच मामांचं बोलणं आठवलं होतं. पण समोर शिट्ट्या वाजत होत्या. पायाखाली काहीतरी कटकन मोडलं.

मामा पडद्याची दोरी धरून उभे होते. त्यांनी पडदा पाडला, रावणाचा तुटलेला कान उचलून टोपीत ठेवला, सोंग कपाळाला लावलं.

"सर, पुढे जा. पोरं टाळ्या वाजवतायत."

मी गेलो. वाकून नमस्कारसुद्धा केला.

रविवारी नारळ घेऊन त्यांच्या गावी गेलो. गाव लांब, डोंगरात; तिथलं एकही पोर आमच्या शाळेत नाही. गावासमोर कबूल करायचं असं ठरवलं होतं, भाषणही तयार होतं. मामांनी अंगणात खाट टाकली.

"कान बसवला," ते म्हणाले. "गावाला सांगितलं, रावण माझ्या हातून पडला."

"आणि बोहाड्यात?"

"यंदा दुसरा नाचवेल. ज्याच्या हातून पडला त्याला कसा देतील?"

समोरच्या ओट्यावर गावची वडील माणसं बसली होती. वीस पावलं असतील. त्यांच्यातल्या एकाने मला हाक मारली.

"हा सांगत होता, तुमचं नाटक लय जोरात झालं म्हणून!"

मामा माझ्याकडे बघत नव्हते. नारळाची शेंडी सोलत होते.

"हो," मी म्हणालो. "झालं."

मग चहा प्यालो आणि मोटरसायकल सुरू केली.