भिंतीकडची बाजू

आमच्या वाचनालयाचं सागवानी कपाट भंगारात काढून लोखंडी आणायचं समितीने ठरवलं होतं. मी भर सभेत भांडलो, तेव्हा रविवारपर्यंत मुदत मिळाली. दारावरचा लाकडाचा पातळ पापुद्रा, म्हणजे व्हिनिअर, तेवढा फुटला होता. तो नीट झाला नाही तर कपाट जाणार होतं.

धारगळला हमरस्त्याकडेच्या शेडमध्ये सुतारकाम करणारा एक मेस्त भेटला. नाव मी विचारलं नाही, टेम्पोतून कपाट त्याच्याकडे नेलं. त्याने नवं व्हिनिअर दाराला लावून पाहिलं, ओलं बोट दोन्हींवरून फिरवलं आणि मान हलवली. नवं फारच फिकट होतं.

"रंग मारा की," मी म्हणालो.

"रंग मारून म्हातारा करूक येता, पण ता सोंग दिसता. ह्येचो सख्खो भाव भिंतीकडच्या बाजूक आसा. तेकाच पुढे हाडूया."

भिंतीला लागणाऱ्या बाजूवर ओलं फडकं ठेवून तो गरम इस्त्री फिरवू लागला. खालचा सरस सुटला आणि जुना पापुद्रा अलगद वर आला.

माझं डोकं तापलं. "म्हणजे मागच्याला नागडं करून पुढच्याला नेसवायचं? सगळीकडे हेच चाललंय."

"नागडो कित्याक, बाबू? नवो कपडो तेकाच घालतंय," इस्त्री न थांबवता तो म्हणाला.

रविवारी वाचनालयात समितीच्या अध्यक्षांना दारावरचा जोड सापडेना. लपवाछपवी मला जमत नाही. मी कपाट ओढून भिंतीकडचा फिकट तुकडा दाखवला. त्यांनी त्यावरून हात फिरवला.

"बरां आसा. आता भिंतीक लाव आनी पुस्तकां भर."

लोखंडी कपाटाचं नाव पुन्हा निघालं नाही.