दारातल्या दोन रेघा

शकुबाईंच्या दशक्रियेला गोदावरीच्या काठी कुणीतरी पुंजारामांना म्हणालं, "दोन शब्द बोला. तुम्ही तर समोरचे शेजारी." पुंजाराम उठले, टोपी सारखी केली, "मी त्यांना फारसा ओळखत नव्हतो," एवढंच म्हणाले आणि बसले.

लोकांना ते विचित्र वाटलं. नऊ वर्षं दाराला दार, आणि म्हणे ओळखत नव्हतो! पण ते खरंच होतं. शकुबाई मखमलाबादच्या, माहेरी फुलशेती. मालक गेल्यावर मुलगा राकेश याच्याबरोबर कॉलनीत राहायला आल्या. चहा गुळाचा प्यायच्या. यापलीकडे पुंजारामांना काही सांगता आलं नसतं. त्या कशाला भ्यायच्या, कधी रडल्या का, हे त्यांनी विचारलं नव्हतं. सांगण्यासारखं जे होतं ते दारातल्या रांगोळीचं होतं, आणि ते चारचौघांत कसं सांगायचं?

कॉलनी नाशिकरोडच्या बाजूची, बावीस बैठ्या घरांची. पुरुष कुणी अंबडच्या कारखान्यांत, कुणी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात. पुंजाराम एकलहऱ्याला फिटर. शहाण्णव सालच्या मे महिन्यात, सुट्टीला गावी गेलेल्या दोन कुटुंबांची घरं भरदुपारी फुटली. तेव्हा पोलीस ठाण्यातून मल्हारी नावाचे हवालदार आले आणि मारुतीच्या पारावर सगळ्यांना गोळा करून सूचना देऊ लागले. कुलूप चांगलं घ्या, अनोळखी माणसाला घरात घेऊ नका, दागिने उजळून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच वाटेला लावा. मग त्यांनी विचारलं, "बंद घर चोराला कळतं कशावरून?"

"कुलपावरून," दोघं-तिघं म्हणाले.

"कुलूप जवळ आल्यावर दिसतं," मागून शकुबाई म्हणाल्या. "दार लांबून दिसतं. सडा नाय, रांगोळी नाय, दोरीवर कपडा नाय, की समजायचं घरात माणूस नाय."

हवालदार हसले. "मग काय करायचं, बाई?"

"मी काढीन की रांगोळी. गावाला जाताना फक्त मला सांगून जायचं, दुसरी चावी ठेवून जायची."

"शकूआत्या, आमच्या दारात मोर काढा बरं का," समोरून मंगलाबाई ओरडल्या. "चोर बघतच राहील!"

"मोर कशाला? तुझंच चित्र काढते. परत या गल्लीत पाऊल टाकणार नाय तो."

पार हसला, पण त्या दिवसापासून बाईंनी ते काम अंगावर घेतलं ते घेतलंच. कुणी गावाला गेलं की सकाळी त्या दारात सडा घालत, रांगोळी काढत, दुधाची पिशवी आणि पेपर उचलत, दोरीवर एखादं जुनं धोतर वाळत घालत. दुपारी पहिल्या पाळीचे लोक यायच्या आधी, गल्ली सगळ्यांत सुनी असते तेव्हा, ओट्यावर फुलं ओवत बसत. नवी सून आली की तिला पहिला धडा त्यांचाच : "बेल वाजली की आधी खिडकी, मग दार. बाजारात जाताना पदर गळ्याभोवती घट्ट. आणि एकटी असलीस तरी आत कुणीतरी हाय असं समजून हाक मारायची, 'अहो, कोण आलंय बघा.'"

पुंजारामांची बायको अंबूबाई त्र्याण्णव साली गेली होती. मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून त्यांचा उंबरा कोरडा होता. ते पहिल्यांदा दोन दिवस सिन्नरला भावाकडे गेले आणि परतले, तर दारात कमळ. सात ठिपक्यांचं, लहानसंच, मधोमध हळदीकुंकवाची चिमूट. पुंजाराम पिशवी हातात धरून उभे राहिले. मग लांब टांग टाकून कमळ ओलांडलं आणि आत गेले. तीन दिवस त्यांनी दारात झाडू लावला नाही.

त्यानंतर त्यांना सिन्नरची आठवण वरचेवर यायला लागली. भावजय म्हणे, "भावजींना म्हातारपणी गाव गोड लागायला लागलं." काम काही नसायचं. रात्री झोपायचं, सकाळी भावाबरोबर चहा प्यायचा आणि दुपारची एसटी धरायची. एसटीत एकच विचार, आज काय काढलं असेल? कधी कमळ, कधी गाईची पावलं, संक्रांतीला सुगडं. गुन्हा केल्यासारखं वाटायचं, तरी महिनाभरात पिशवी पुन्हा भरली जायची.

यात एक चूक होती आणि ती सबंध कॉलनीत कुणाच्या ध्यानात आली नाही. बाकीच्या घरांत बायका होत्या, रांगोळी रोजचीच होती. पुंजारामांचं दार मात्र एरवी कोरडं, आणि घर रिकामं असेल तेवढेच दिवस सजलेलं.

कुणीतरी ते बरोबर हेरलं. नव्व्याण्णवच्या श्रावणात ते सिन्नरहून आले तर दारासमोर गर्दी. कडी वाकवलेली, आत पेटी उपसलेली. तांब्याचा हंडा गेला, रेडिओ गेला, आणि अंबूबाईचा चांदीचा कुंकवाचा करंडा गेला. कमळ जागेवर होतं. एका पाकळीवर बुटाचा ठसा होता.

हवालदार मल्हारी पंचनामा करता करता थांबले. "रांगोळी रोज असते तुमच्या दारात?"

"नाही. मी गावाला गेलो की असते."

मल्हारींनी शकुबाईंकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता. "बाई, मग तुम्ही तर घर रिकामं असल्याची पाटीच लावली की."

बाईंच्या हातातली फुलांची परडी खाली आली.

त्या क्षणी पुंजारामांनी म्हणायला हवं होतं की बाईंची चूक नाही, मीच कारण नसताना जात होतो, या रांगोळीसाठीच जात होतो. जिभेवर आलं होतं. पण गर्दी होती. विधवा बाई, विधुर माणूस, बघणारी बावीस घरं. ते म्हणाले, "हंडा जुनाच होता."

पुढचे आठ दिवस बाई ओट्यावर बसल्या नाहीत. करंड्यापेक्षा पुंजारामांना ते जास्त लागलं. सायकलवरून एकलहऱ्याला जाताना ते वाक्य जुळवत : तुमची चूक नाही. आणि काढायचीच तर रोज काढा. घरी येताना बाईंच्या फाटकाशी थांबत आणि विचारत, "दूधवाला येऊन गेला का?" शेवटी त्यांनी नवं कुलूप आणलं आणि त्याची दुसरी चावी, पूर्वीसारखीच, बाईंच्या खिडकीत नेऊन ठेवली. बोलायचं होतं ते त्यांनी असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई दारात. हातात रांगोळीचा डबा.

"भाऊ, बसा खाली."

"कशाला?"

"बसा तर. आता तुमच्या दारात तुम्हीच रोज काढायची. दार बारा महिने सारखं दिसलं पाहिजे, म्हणजे कोण घरात हाय, कोण नाय, काही कळायचं नाय. चिमटीत धरा. अशी नाय, मीठ टाकताय का भाजीत? हां. दोन रेघा ओढा."

पुंजारामांनी दोन रेघा ओढल्या. एक सापासारखी गेली. पलीकडून मंगलाबाई म्हणाल्या, "अगंबाई, पुंजाभाऊ! आता गौरी बसवा!" बाई पदरात तोंड लपवून हसल्या, आणि त्याच दुपारी ओट्यावर येऊन बसल्या.

तेव्हापासून रोज सकाळी दोन वाकड्या रेघा. भावाच्या नातीचं लग्न निघालं तेव्हा मात्र पुंजाराम पुन्हा सिन्नरला गेले. परत येताना एसटीत पुन्हा तोच विचार, आज काय काढलं असेल? दारात आले तर दोन रेघा. वाकड्या, एक सापासारखी. बाईंनी अगदी त्यांच्यासारख्या काढल्या होत्या, चोराला हात ओळखू येऊ नये म्हणून. पुंजाराम उकिडवे बसले आणि कुठे तरी बाईंचा हात दिसतो का ते शोधत राहिले. दिसला नाही. त्या आपलं काम चोख करायच्या.

दोन हजार पाच साली राकेशने गंगापूर रोडला फ्लॅट घेतला. खाली वॉचमन होता. सामानाचा टेम्पो भरला जात होता तेव्हा पुंजाराम त्यांच्या फाटकापर्यंत गेले. सहा वर्षं जुळवलेलं वाक्य बरोबर घेऊन गेले होते. बाई बाहेर आल्या, कनवटीची चावी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

"तुमची ही. आता मंगलाकडे देऊन ठेवा."

"हो."

"ती विसरभोळी हाय. जाताना दोनदा सांगा."

"दोनदा सांगतो."

टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. बाई दोन पावलं गेल्या आणि वळल्या.

"आणि भाऊ, दुपारचं झोपताना आतून कडी लावत जा. तुम्ही विसरता."

पुंजारामांनी मान हलवली.

"लावतो," ते म्हणाले.