जास्तीची मात्रा

माझ्यावर चोरीचा आळ आला तेव्हा मी दुकानात एका बाईंना ब्लाउजपीस दाखवत होते. दिंद्रुडच्या बाजारपेठेत आमचं कापडाचं दुकान आहे. नवरा आणि मी, आम्ही दोघं मिळून ते चालवतो. पण गावात मला ओळखतात ते गाण्यामुळे. हळदीला, डोहाळजेवणाला मी गाते. सोबत चार बायका असतात, एकीच्या मांडीवर ढोलकी, माझ्यापुढे कीबोर्ड. बहुतेक गाणी माझी स्वतःची. निदान तोवर मी तसं बिनदिक्कत सांगत असे.

त्या उन्हाळ्यात माझं एक हळदीचं गाणं यूट्यूबवर जोरात चाललं होतं. बीडच्या एका छोट्या स्टुडिओत आम्ही ते रेकॉर्ड केलं होतं. लग्नाच्या मांडवात ते वाजायचं आणि बायका माझ्याकडे बोट दाखवून म्हणायच्या, "हे गाणं म्हणणारी हीच की."

तर त्या बाईंनी ब्लाउजपीस बाजूला सारला आणि मोबाईल माझ्यासमोर धरला. "ताई, हे तुमीच ना? हे काय लिहिलंय बघा बरं."

पडद्यावर एकदा माझं गाणं वाजत होतं, एकदा दुसऱ्याच कुणाचं तरी. दुसरा आवाज जुना होता, मागं खरखर होती. चार ओळी तिच्या, चार ओळी माझ्या. शब्द वेगळे होते, पण चाल तीच. खाली लिहिलं होतं, 'हे माझ्या आईचं गाणं. कॅसेटवर निघालं तेव्हा ही चोर बाई शाळेतसुद्धा जात नसेल.'

मी व्हिडिओ दोनदा पाहिला. कान गरम झाले. मग त्या बाईंना कापड मोजून दिलं, पिशवीत घालून दिलं आणि त्या गेल्यावर शटर अर्धं खाली ओढून बसले.

ती चाल मला कुठं सुचली ते मला पक्कं आठवत होतं. गच्चीवर शेवया वाळत घातल्या होत्या. चिमण्या हाकलत मी सावलीला बसले होते. गुणगुणता गुणगुणता पहिली ओळ आली, मग दुसरी. तिसऱ्या ओळीला मी उठून खाली पळाले आणि वहीत सूर लिहून ठेवले. कुणाचं ऐकून उचलायला तिथं होतं कोण? चिमण्या?

नवरा म्हणाला, "जाऊ दे. दोन दिवसांत लोक विसरत्याल."

"लोक विसरतील. मी कशी विसरू?"

स्टुडिओवाल्याला फोन केला (आम्ही सगळे त्याला भाऊच म्हणतो), तर तो हसायला लागला. "ताई, कावून एवढं मनाला लावून घेता? दोन सूर इकडंतिकडं करतो, नवीन टाकू. सगळे असंच करत्यात. कुणी कायबी म्हणत न्हाई."

"सूर कशाला बदलायचे? मी चोरीच केली न्हाई."

त्याच दुपारी मी त्या व्हिडिओखाली लिहिलं, 'अर्ध्या मिनिटावरून कुणी चोर ठरत नाही. पूर्ण कॅसेट ऐकवा.' संध्याकाळपर्यंत उत्तर आलं. लिहिणारा त्या गायिकेचा मुलगा होता, बीडला एका क्लासमध्ये गणित शिकवणारा. कॅसेट त्याच्या आईकडे अंबाजोगाईला होती. 'रविवारी मी घरी असतो. हिंमत असेल तर या,' असं लिहून त्यानं पत्ता दिला.

रविवारी मी माझी सुरांची वही पिशवीत घातली आणि सकाळची गाडी पकडली. परळीला गाडी बदलली. वाटेत मनातल्या मनात मी कितीतरी वेळा बोलून पाहिलं. हळदीच्या चाली सगळ्या एकमेकींच्या बहिणीच असतात. दहा गावांत दहा बायकांना एकच चाल सुचू शकते. मुलगा काय म्हणेल आणि मी काय उत्तर देईन, सगळं तयार होतं.

दार उघडलं ते एका उंच, पांढऱ्या केसांच्या बाईनं. सरकारी दवाखान्यात जन्मभर नर्स म्हणून काम करून त्या रिटायर झाल्या होत्या. गुडघे धरून हळू चालत होत्या. त्यांनी मला आधी पाणी दिलं, मग खुर्ची दिली आणि मग विचारलं, "जेवून निघालीस का तशीच आलीस?"

माझी सगळी तयारी तिथंच निम्मी ढिली पडली.

मुलगा मात्र तयारीत होता. त्यानं मोबाईल स्टँडवर लावून माझ्याकडे तोंड करून ठेवला होता. "मॅडम, आता ऐका आणि कॅमेऱ्यासमोर सांगा."

टेबलावर जुना टेपरेकॉर्डर होता. मावशींनी (मी त्यांना आल्या आल्या मावशी म्हणाले होते) पेन्सिल घालून कॅसेट थोडी मागं फिरवली आणि बटण दाबलं. गाणं सुरू झालं. तरुण, पातळ, सरळ आवाज. मी वही उघडून मांडीवर घेतली आणि एकेक सूर ताडून पाहू लागले. पहिली ओळ तीच. दुसरी ओळ तीच. मी स्वतःला समजावलं, बरं, असेल योगायोग.

गाणं संपलं. टेप नुसतीच खरखरत फिरत होती. मी वहीतून मान वर केली नव्हती. आणि त्या रिकाम्या जागेत मी काहीतरी गुणगुणले. हार्मोनियमचे पाच-सहा सूर असतील. दुसऱ्याच क्षणी टेपमधून तेच सूर आले. पुढच्या गाण्याची सुरुवात होती ती.

मावशींनी टेप बंद केला.

"हे दुसरं गाणं तर मी कुठं टाकलंच न्हाई," मुलगा म्हणाला. "तुमाला कसं माहीत?"

मला माहीत नव्हतं. पण माझ्या गळ्याला माहीत होतं. मी तिथूनच वडिलांना फोन लावला. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. गावातलं हे दुकान आधी त्यांचंच होतं.

"अण्णा, मी लहान असताना आपल्या दुकानात हळदीच्या गाण्याची कॅसेट होती का? एका बाईच्या आवाजातली?"

"होती की," अण्णा लगेच म्हणाले. "लग्नसराईत दिवसभर लावायचो. बायका गाणं ऐकून थांबायच्या, मग साड्या बघायच्या. तू तिथंच गाठोड्यावर झोपायचीस. कावून गं?"

"काही न्हाई. घरी आल्यावर सांगते."

फोन ठेवला. मुलगा खुर्चीतून पुढं सरकला. "आता बोला कॅमेऱ्यासमोर. चोरी केली म्हणून सांगा."

"तो फोन खाली ठेव," मावशी म्हणाल्या.

"आई, ती कबूल करायलीय..."

"ठेव म्हणलं ना."

त्यानं ठेवला. मावशी माझ्याजवळ सरकून बसल्या. "हे बघ, पहिल्या दोन ओळी माझ्याबी न्हाईत. आमच्या गावाकडं बायका त्या म्हणायच्याच. त्याच्यावर मी हक्क सांगणार न्हाई. पण तिसऱ्या ओळीत तू एक शब्द ओढतेस, त्यानं ठेका एक मात्रा पुढं जातो. आलं का ध्यानात?"

आलं होतं. स्टुडिओत त्याच जागेवरून आमचं भांडण झालं होतं. भाऊ म्हणत होता, 'ताई, इथं एक मात्रा जास्त जाते, ढोलकीचा तोच तोच फिरणारा लूप बसत न्हाई.' मी हट्टानं म्हणाले होते, 'राहू दे, तिथंच गोडी आहे.' त्यानं लूप कापून ती मात्रा वाढवली होती.

"ती माझी चूक हाय," मावशी म्हणाल्या आणि पहिल्यांदाच हसल्या. "रेकॉर्डिंगला गेलते तेव्हा मला पुढचा शब्दच आठवंना. 'दारी' म्हणलं आणि 'तोरण' विसरले. म्हणून 'दारी' तसाच ओढत बसले. हार्मोनियमवाले मास्तर लई हुशार. त्यांनी सूर धरून ठेवला, मला शब्द आठवस्तोवर. पुन्हा गायला वेळ न्हवता, तसंच ठेवलं. म्हणून सांगते, बाकीचं गाणं कुणाचंबी असू दे. तेवढी चूक माझी हाय."

मी वही मिटली. चाल दहा जणींना सुचेल, पण एकीची विसरलेली जागा दुसरीला आपोआप कशी सुचेल?

परतीच्या गाडीत मी रडले, खोटं कशाला सांगू. पण परळी यायच्या आत रडणं संपलं होतं आणि काय करायचं ते ठरलं होतं. गाणं गुपचूप काढून टाकायचं नाही. सूर बदलून लपवायचंही नाही. चूक सगळ्यांसमोर झाली होती, तर ती सगळ्यांसमोरच निस्तरायची.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी नवऱ्यानं मोबाईल धरला आणि मी बोलले. चाल कुठून आली, मला ते कसं कळलं, कुणाची कुठली जागा माझ्या गाण्यात आली, सगळं सांगितलं. 'मला ठाऊक नव्हतं, पण घेतलं मीच,' असं म्हणाले. बोलताना एकदा अडखळले. तो भाग पुन्हा घेतला नाही.

गावात व्हायचं ते झालं. काही जण म्हणाले, एवढं खरं बोलायची काय गरज होती. दोन घरांनी ठरलेला हळदीचा कार्यक्रम दुसऱ्या पार्टीला दिला. मुलानं आपला व्हिडिओ काढून टाकला नाही, फक्त खालचं 'चोर' तेवढं पुसलं. स्टुडिओवाला भाऊ चिडला. "ताई, चालतं गाणं हातानं बुडवलंत."

"बुडवलं न्हाई. पुन्हा करायचंय. मावशींचा आवाज घालून."

पण मावशी तयार होईनात. "आता माझ्या गळ्यात काय राह्यलंय? खोकला तेवढा राह्यलाय." मी दुसऱ्यांदा अंबाजोगाईला गेले, तिसऱ्यांदा गेले. तिसऱ्या खेपेला त्यांनी कपाटातून कॅसेट काढून माझ्या हातात ठेवली. "तेव्हाचा आवाज घे. तिसरी ओळ घे. पण ती खरखर काढू नको. आन् मास्तरांचं नाव लिहायचं. ते आता न्हाईत, पण लिहायचं."

कॅसेट घेऊन मी बीडच्या स्टुडिओत गेले, तेव्हा मुलगाही स्वतः तिथं आला. एका काचेआड आम्ही तिघं बसलो होतो. भावानं ती ओळ कॅसेटवरून उतरवून माझ्या गाण्यात बसवली. माझ्या दोन ओळी, मग अचानक तो पातळ आवाज खरखरीसकट, मग पुन्हा मी. भावानं हेडफोन काढले आणि पहिल्यांदाच कुरकुर न करता म्हणाला, "हे लई भारी झालं." मुलगा मान खाली घालून ऐकत होता. आईचं गाणं नीट ऐकलंच नव्हतं कधी, असं तो चहा पिताना म्हणाला.

नवीन गाण्याखाली तीन नावं गेली. पहिल्याइतकं ते चाललं नाही. पण पुढच्या लग्नसराईत एका डीजेनं त्यातली नेमकी मावशींची ओळ उचलली, खाली दणदणीत ठेका टाकला आणि स्वतःच्या नावानं यूट्यूबवर सोडली. मला ते कळवलं मुलानंच. "ताई, आता कंप्लेंट टाकू का?" मॅडमची मी ताई कधी झाले, कोण जाणे.

"आधी फोन करू," मी म्हणाले.

डीजे पोरगेलाच वाटला. "ताई, हे पारंपरिक हाय. कुणाचंबी न्हाई."

"चाल पारंपरिक असेल. पण आवाज पारंपरिक नसतो. तो एका बाईचा हाय आणि त्या बाई हयात हायत. बोलता का त्यांच्याशी?"

मुलानं आईला फोनमध्ये जोडून घेतलं. मावशींनी त्याला जेवण झालं का विचारलं आणि मग म्हणाल्या, "बाळा, वाजव. मला आनंदच हाय. पण नाव लाव, माझं आन् मास्तरांचं." डीजे आठवडाभर गप्प राहिला. मी रोज दुकान उघडलं की त्याला एक मेसेज टाकायचे. कंप्लेंटचा कागद मुलानं तयार करून ठेवला होता. आठव्या दिवशी नावं लागली. मास्तरांचं आडनाव चुकलं होतं, ते बदलून घ्यायला आणखी चार दिवस गेले.

आता नवीन चाल सुचली की मी ती आधी मोबाईलवर मावशींना पाठवते. मग अण्णांना ऐकवते. गेल्या महिन्यात एक चांगली चाल सापडली होती. दुसऱ्या दिवशी मावशींचा फोन आला. "ही मी ऐकलीय. कुठं, ते आठवंना." भाऊ म्हणतो, एवढ्यावरून गाणं अडवून ठेवायचं म्हणजे कमालच आहे. असू दे कमाल. सिरसाळ्याला एक आजी अशी जुनी गाणी म्हणतात, असं कळलंय. येत्या गुरुवारी दुकान नवऱ्यावर सोपवून मी तिकडं निघालेय.