दाताऐवजी चाकू

माझ्या वरच्या समोरच्या दाताला एक खाच होती. दीड एमएमची वायर तिच्यात अगदी मापात बसायची. सोलापुरात मी तीस वर्षं वायरिंगची कामं करतोय, निम्मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, निम्मी लोकांच्या घरी. एवढ्या वर्षांत मी भाकरीपेक्षा प्लॅस्टिकच जास्त चावलं असेल. वायर दातात धरायची, अंदाजानं दाबायची, हिसका द्यायचा, आवरणाचा तुकडा थुंकायचा, की तांबं मोकळं. बॅगेत वायर सोलायचा स्ट्रिपर होता. तो बिचारा तळाशी पडून असायचा.

याला कुणी आळस म्हणतील. माझं म्हणणं असं होतं की दाताला तांबं कळतं. प्लॅस्टिक संपून तांबं लागलं की दात आपोआप थांबतो, पोलादाला तेवढी अक्कल नसते. हे मी नव्या गिऱ्हाइकांना इतक्या अभिमानानं सांगायचो की त्यांना माझे दात सरकारमान्य वाटत असावेत.

गेल्या वर्षी एका टॉवेलच्या कारखान्यात मोटरची केबल सोलताना तो अभिमान मधोमध मोडला. अर्धा दात केबलपाशी राहिला, अर्धा माझ्यापाशी. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तोंडात डोकावून आधी एवढंच विचारलं की तुम्ही शिंपी का वायरमन. शिंपी दोरा तोडतात आणि आम्ही वायर, दोघांच्या दातांना सारखीच खाच पडते म्हणे. मग त्यांनी दातावर कॅप बसवली आणि बजावलं की मूळ कच्चं आहे, ही कॅप गेली तर दुसरी बसायची नाही. पेरूसुद्धा फोडी करून खायचा आणि वायरचं तर नावच काढायचं नाही.

हे सगळं माझी बायको शेजारच्या खुर्चीत बसून ऐकत होती. ती मैंदर्गीची, कर्नाटकच्या सीमेवरची. घरी टॉवेलांच्या कडा शिवते. मशीनला मोटर बसवायचं तिच्या मनात कधीपासून होतं, त्याचे साठवलेले पैसे तिनं माझ्या दाताला दिले आणि पायानंच मशीन मारत राहिली. दात मोडल्यापासून मी ओठ मिटून हसत होतो, ते तिच्या जिव्हारी लागलं होतं. आमच्या घरात हसायचं खातं पहिल्यापासून माझ्याकडे आहे. तिनं मला तसं स्पष्ट सांगितलं, आणि वर म्हणाली, "दात आनि वायर, तोंडात एकच ठेवायचं. काय ते ठरवा."

म्हणून चाकू घ्यायचं ठरलं. आधी माझ्याकडे चाकू नव्हता असं नाही. हॅक्सॉचं मोडकं पातं घासून, मुठीला काळी टेप गुंडाळून केलेलं एक हत्यार होतं. ते खिशात ठेवलं की आधी खिसा कापायचं आणि मग मांडी. त्यामुळे घडीचाच हवा, हे नक्की होतं.

मधल्या मारुतीजवळच्या एका हार्डवेअरच्या दुकानात आम्ही दोघं गेलो. मला एकट्याला पाठवायची तिची तयारी नव्हती. दुकानदार माझा जुना ओळखीचा, तोंडात कायम सुपारी. त्यानं आधी एक जाडजूड चाकू काढला. त्यात कात्री होती, बाटली उघडायचं होतं, करवत होती आणि दात कोरायची काडीसुद्धा होती. शिडीवर उभं राहून एवढ्या बिऱ्हाडातून पातं शोधायचं म्हणजे कठीणच. दुसरा खटक्याचा निघाला. बटण दाबलं की पातं फाडकन बाहेर. मला तो मनापासून आवडला. बायकोनं विचारलं की वायर सोलायची आहे का कुणाला लुटायचं आहे, आणि दुकानदारानं तो गुपचूप डब्यात टाकला. तिसरा अख्खा स्टीलचा, दिसायला देखणा. पण सोलापूरच्या उन्हाळ्यात घामेजल्या हातातून तो साबणाच्या वडीसारखा निसटला असता.

चौथा लाकडी मुठीचा होता, दिसायला अगदीच साधा. पातं बोटभर, टोकाशी थोडं आत वळलेलं, म्हणजे जाड केबलचं आवरण ओढून चिरता येतं. उघडला की खटका बसायचा आणि तो दाबल्याशिवाय पातं मिटायचं नाही. दुकानदारानं वायरचा तुकडा दिला. मी सोलून पाहिला, झकास जमलं. तांब्याला चरा पडलाय का हे बघायला म्हणून मी ते टोक सवयीनं थेट तोंडात घातलं. बायकोनं भर दुकानात माझ्या तोंडातून वायर ओढून काढली. दुकानदाराची सुपारी अडकली, त्याला पाणी द्यावं लागलं.

मग तिनं चाकू स्वतःच्या हातात घेतला. विळीची धार बघतात तशी अंगठ्याच्या नखावर त्याची धार पाहिली, चार वेळा उघडला, चार वेळा मिटला, मिटताना बोट सापडतं का ते पाहिलं. आणि हाच द्या म्हणाली. तीस वर्षांच्या अनुभवाला कुणी काही विचारलं नाही.

चाकूचा हात बसायला मला महिना गेला. पातं वायरीवर आडवं फिरवलं की तांब्याला चरा पडतो, आणि चरा पडला की तार तिथंच तापते, तिथंच तुटते. पेन्सिलीला टोक करताना धरतो तसं पातं तिरकं धरावं लागतं. घरभर वायरीचे तुकडे आणि तिच्या शिवलेल्या टॉवेलांवर प्लॅस्टिकच्या साली. ती झटकायची आणि पुन्हा शिवायला बसायची.

नंतर एका सकाळी मी घरचंच काम काढलं. तिच्या मशीनवरच्या ट्यूबची वायर जुनी झाली होती. मेन स्विच बंद करून घोड्यावर, म्हणजे आमच्या दुपाखी शिडीवर, चढलो. नवी वायर छतातल्या पाइपातून ओढून घेताना सकाळ संपली होती. एकदाचं टोक हातात आलं. त्या हातानं ते धरून दुसऱ्या हातानं चाकू उघडायला गेलो, तर चाकू निसटला आणि खाली टॉवेलांच्या गठ्ठ्यावर पडला. मी तिला म्हटलं, दे जरा.

तिनं चाकू उचलला, मिटला आणि घोड्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवला. तिच्या माहेरी मीठ, मिरची आणि चाकू कुणाच्या हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. खाली ठेवायचं, दुसऱ्यानं उचलून घ्यायचं. लग्न झाल्यापासून तिनं एकदाही माझ्या हातात विळीसुद्धा दिलेली नाही. जमिनीवर हे चालून जातं. घोड्यावर मी पाच पायऱ्या वर, आणि खाली उतरायचं तर वायर सोडावी लागणार. सोडली की ती परत पाइपात जाणार आणि सकाळ पाण्यात. मी तिला हे समजावलं. ती म्हणाली, "हातात न्हाय द्यायची मी. वरनं दोरी सोडा, बांदून देते."

दोरी बॅगेच्या तळाशी होती आणि बॅग दाराशी, ती शोधून आणेपर्यंत मला धीर नव्हता. घामानं डोळे चुरचुरत होते. मी मनाशी म्हटलं, एवढी एकच. वायर तोंडापाशी नेली आणि दातात धरली. दाबणार एवढ्यात खाली मशीनचं स्टूल सरकल्याचा आवाज आला. ती दोन पायऱ्या वर चढली होती. चाकू उघडलेला, पातं स्वतःकडे, मूठ माझ्याकडे.

"धरा," ती म्हणाली. "भांडन झालं तर मिटवता येतंय की. दात कुटनं आनू मी?"

मी वायर तोंडातून काढली आणि तिच्या हातातून चाकू घेतला. मग वायर सोलली. इतकी नीट मी आयुष्यात सोलली नव्हती.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं एकमेकांशी फार जपून वागलो. छतातली धूळ तिच्या टॉवेलांवर पडली होती, ती तिनं तक्रार न करता झटकली. जेवताना आमटीत मीठ नव्हतं. मी मुकाट्यानं दोनदा वाढून घेतली. शेवटी तिनं स्वतः घास घेतला आणि माझ्याकडे पाहत राहिली. मीठ नाही तर सांगायचं नाही का, एवढं काय परकं समजता, असं म्हणून तिनं जे सुरू केलं ते अर्धं मराठीत आणि अर्धं कानडीत झालं. मीही मागं हटलो नाही. मन लावून भांडलो, आणि भांडता भांडता मला हसू आलं ते चांगलं तोंड उघडून आलं. तिनं बोलणं थांबवून माझ्या दाताकडे पाहिलं, आणि मग मिठाचा डबा आणून माझ्या ताटाशी जमिनीवर ठेवला.