गाणारा कधी येणार?

आमच्या डोंबिवलीच्या घरात दोन गोष्टी पहिल्यांदा मी आणल्या, पदवी आणि सबवूफर. पदवी बाबांनी फ्रेम करून भिंतीवर लावली. सबवूफरच्या धडधडणाऱ्या खोक्यासमोर ते अधूनमधून खुर्ची टाकून बसायचे, थोडा वेळ ऐकायचे आणि विचारायचे, "गाणारा कधी येणार?"

गाणारा यायचाच नसतो. डब नावाच्या संगीतात तीच तर गंमत आहे. जमैकाच्या रेगे संगीतातलं गाणं घ्यायचं, त्यातून गाणाऱ्याला बाहेर काढायचं. मग उरतात ड्रम, बेस आणि मधेच एखाद्या शब्दाचं शेपूट, तेही घुमत घुमत विरून जातं. तिथल्या लोकांचा हा शोध मला कॉलेजात असताना घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये, एका मित्राच्या गाडीत सापडला. मित्राला त्याचं विशेष काही नव्हतं, मी मात्र अडकलो ते अडकलोच. आजही गायक असलेल्या रेगेपेक्षा गायक काढून टाकलेलाच मला जास्त आवडतो, आणि बेस असा हवा की कानाच्या आधी पायाला कळला पाहिजे. हे मी बाबांना कितीदा समजावलेलं. त्यांचं आयुष्य एमआयडीसीत मशीनवर गेलेलं. ते म्हणायचे, "अरे, असला आवाज ऐकायचा कंपनी मला पगार द्यायची. तू फुकट ऐकतोस."

या वर्षी बाबा गेले. अग्नी मी दिला. गावाहून मोठे काका आले आणि सुतकाचा सगळा कारभार त्यांच्याकडे गेला. मी असल्या गोष्टी मानत नाही, हे नातेवाइकांत सगळ्यांना माहीत आहे. आईलाही. तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि एवढंच म्हणाली, "तुझं शिक्षण तुझ्यापाशी राहू दे. तेराव्यापर्यंत घरात गाणंबजावणं नको. त्यांना नीट जाऊ दे." मी हो म्हटलं. मी दिलेला शब्द मोडत नाही, असं मी चारचौघांत छाती ठोकून सांगत आलोय.

पण घर माणसांनी भरलेलं. जो येणार तो डोक्यावरून हात फिरवणार, 'आता तूच मोठा' म्हणणार. मला रडू येत नव्हतं, झोपही येत नव्हती. डोक्यात सारखा एकच विचार, थोडा बेस ऐकायला मिळाला तर छातीतलं हे गच्च झालेलं जरा सुटेल. मग मी हिशेब मांडला. आईने गाणं नको म्हटलंय. हे गाणं नाहीच, अशी तर बाबांचीच इतक्या वर्षांची तक्रार. शिवाय ऐकणार मी एकटा, कानात. शब्द कुठे मोडतो?

आतून कडी लागेल असं एकच दार होतं, न्हाणीघराचं. मी मुंडण केलेल्या डोक्याने बादलीशेजारी उभा राहिलो, इअरफोन कानात घट्ट बसवले आणि फोनवर बोट ठेवलं. काही ऐकू येईना. आवाज वाढवला. आणखी वाढवला. आणि बेस आला, नुसता बेस, थेट तळपायातून. मी डोळे मिटले. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. इतका चांगला बेस या इअरफोनमधून कधीच आलेला नव्हता.

मग लक्षात आलं की कानात काहीच वाजत नाहीये.

आदल्या संध्याकाळी गुरुजींना यायला जमलं नव्हतं, म्हणून काकांनी मला फोनवरून गरुडपुराण लावायला सांगितलेलं. ते मी हॉलमधल्या माझ्या सबवूफरवाल्या स्पीकरवर लावलं होतं. फोन अजून ब्लूटूथने त्या स्पीकरलाच जोडलेला होता, आणि सबवूफरची धडधड नेमकी कुठून येते ते कुणाला सांगता येत नाही.

बंद करून बाहेर आलो. हॉलमध्ये बाबांच्या कंपनीतले दोघं भेटायला आलेले, चटईवर मान खाली घालून बसलेले. कोपऱ्यात पिठावरचा दिवा. काका उठून छताकडे बघत उभे राहिलेले. "हे काय धडधडत होतं गं?"

आई दिव्यापाशी बसलेली. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "वरच्यांकडे काम चाललंय, भाऊजी. टाइल्स फोडतायत."

"सुतकाच्या घराच्या डोक्यावर?" काका म्हणाले. "रीतभात आहे की नाही? मी जाऊन सांगतो."

"थांबलं बघा," आई म्हणाली. "कळलं असेल त्यांना."

माझी आई खोटं बोलत नाही. तिकीट तपासनीसालाही माझं खरं वय सांगणारी बाई ती. आणि ती त्या दिव्यासमोर खोटं बोलली.

एवढ्यावर भागलं नाही. आमच्याकडे चूल बंद, म्हणून वरच्या काकू रोज आमच्यासाठी जेवण आणत होत्या. त्या दुपारी पिठलं-भाताचं पातेलं घेऊन आल्या, तर काका दारातच म्हणाले, "वहिनी, तुमचं काम चालू दे, पण तेराव्यापर्यंत दम धरा जरा."

याच काकू कितीतरी वेळा खाली येऊन मला म्हणालेल्या, "तुझ्या त्या धडधडीने माझ्या देवघरातली घंटा वाजते रे." त्यांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हो, सांगते कामगारांना," म्हणाल्या आणि पातेलं ठेवून गेल्या.

संध्याकाळी आईने ते घासून माझ्या हातात दिलं. "तू देऊन ये." एरवी आमच्याकडून कुणाचं भांडं रिकामं परत जात नाही, पण सुतकात घरातलं काही देता येत नाही. रिकामं पातेलं घेऊन जिना चढलो. माफी मागायची, एवढं ठरवलेलं.

काकूंनी दार उघडलं, पातेलं घेतलं. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "कुठल्या टाइल्स बसवल्या रे आम्ही? सांगून ठेव. तुझे काका बघायला यायचे."

"काकू, चुकलं माझं."

"ते आईला सांग. जा."

खाली आलो. आई स्वयंपाकघरात एकटीच होती. "काय म्हणाल्या?"

"टाइल्स कुठल्या, विचारत होत्या."

आईने पदर तोंडाला लावला. ती हसतेय की रडतेय, मला कळलं नाही. मग पदर बाजूला करून म्हणाली, "आणि मधेच गाणारा आला असता, तर काय सांगितलं असतं मी?"

मी 'चुकलं' म्हणणार, तेवढ्यात हॉलमधून काकांची हाक आली, पुराण लाव म्हणून. मी फोन काढला आणि आधी आवाज पार खाली आणला.