‘पेशंट_नवीन’

मे २००७, शुक्रवारची दुपार आणि काम एकच: ‘पेशंट_नवीन’ हे नाव प्रोग्राममध्ये जिथे जिथे उरलं असेल तिथून काढायचं. भाईंदर पश्चिमेच्या आमच्या ऑफिसातून नया नगरच्या एका पॅथॉलॉजी लॅबचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळायचो. शेजारी बसणारीने मला न विचारता पेशंटचं टेबल, म्हणजे डेटाबेसमधला त्यांच्या माहितीचा तक्ता, बदलून ‘पेशंट_नवीन’ नावाचं नवं करायला घेतलं, ते फसलं, म्हणून तिने जुनं टेबल परत आणलं. पण प्रोग्राम अजून त्या नसलेल्या नव्या टेबलातच नावं शोधत होता आणि लॅबमध्ये एकही रिपोर्ट छापला जात नव्हता. ती माझ्याच हाताखाली शिकलेली, म्हणून निस्तरायला मी बसले. खिडकीतून सुक्या मासळीचा वास येत होता. तेवढ्यात लॅबचा फोन आला, तो तिने घेतला. “डॉक्टरसाब, मॅडमने बिना पूछे बदल दिया. मैं ठीक करवा रही हूँ ना.” मी वळून पाहिलं, तर रिसीव्हर ठेवत म्हणाली, “ताई, मनाला लावून घेऊ नका. तुम्ही इथल्या जुन्या, तुम्हाला कोण काढतंय?” मी उरलेलं काम संपवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला न जाता रिक्षाने थेट लॅबमध्ये गेले, डॉक्टरांसमोर एक रिपोर्ट छापून दाखवला आणि टेबल कोणी बदललं होतं ते तिचं नाव घेऊन सांगितलं.